ओरिएंटेशन म्हणजे उगवतीकडे तोंड

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यातलं 'ओरिएंटेशन' असो की मोबाइलच्या पडद्याचं उभं-आडवं 'ओरिएंटेशन', या शब्दाच्या पोटात सूर्य आहे. लॅटिनमध्ये 'ओरिरी' म्हणजे उगवणं, 'ओरिएन्स' म्हणजे उगवणारा. तीच पूर्व दिशा. त्यावरून फ्रेंचमध्ये पूर्वेच्या हिशेबाने मांडणं या अर्थाचं क्रियापद झालं आणि तिथून हा शब्द इंग्रजीत आला. युरोपात चर्चची वेदी पूर्वेच्या टोकाला ठेवायची प्रथा होती. तिथल्या अनेक जुन्या नकाशांतही पूर्व वरच्या बाजूला असे; इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या, इ.स. १३००च्या सुमाराच्या जगाच्या नकाशात ती तशीच आहे.

'ओरिएन्स'ला मराठीत 'पूर्व' म्हणून चालतं, पण खरा जोड 'उगवती'. पश्चिमेचं 'ऑक्सिडेन्स' म्हणजे खाली पडणारा, आपली 'मावळती'. उत्तरेचं लॅटिन नाव तर 'सात नांगरबैल' असं आहे, आणि ते बैल म्हणजे आपले सप्तर्षी! संस्कृतातून आलेल्या दिशाही उगवतीकडे तोंड केल्यावरच उलगडतात: पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम मागची, दक्षिण उजवी. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला राहतो, तोही याच अर्थाने. म्हणून 'ओरिएंटेशन'ला 'उद्बोधन' हा प्रतिशब्द अपुरा वाटतो, त्यात दिशाच नाही. 'अभिमुखता'मध्ये निदान मुख तरी आहे.

मात्र सूर्य उगवतो ती जागा म्हणजे नेमकी पूर्व नव्हे. नेमक्या पूर्वेला तो फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास उगवतो. २१ जूनला मुंबईत तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो, रोममध्ये सुमारे ३२ अंश.

नेमकी पूर्व हवी असेल तर ५० सेंमीची टोकदार काठी रोवा. ओळंब्याने ती सरळ आहे ना, पाणसळीने जमीन सपाट आहे ना, हे आधी पाहा. बहुतेक चुका इथेच होतात. काठीभोवती दोरीने ७५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. सकाळी आखडत येणारं सावलीचं टोक वर्तुळाला टेकेल तिथे एक खूण, दुपारनंतर ते पुन्हा टेकेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते. सकाळची खूण पश्चिमेची. यज्ञवेदीची आखणी सांगणाऱ्या प्राचीन कात्यायन शुल्बसूत्रात हीच रीत आहे, आणि रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियसनेही वर्तुळ आणि सावलीचीच रीत सांगितली आहे.

माध्यान्हीची सावली उत्तरेकडेच पडते, हे गृहीत धरू नका. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरीपर्यंत ती दक्षिणेला पडते. वर्तुळाच्या रीतीला त्याची बाधा नाही. बाधा ढगांची: दुपारची नेमकी वेळ झाकली गेली तर सकाळची खूण वाया जाते. म्हणून ६०, ७५ आणि ९० सेंमीची तीन वर्तुळं काढून ठेवावीत. एखादी जोडी तरी हाती लागते.