तुम्ही विचारलंत म्हणून: स्टँडर्ड लायब्ररीत काय असावे?

फोंड्याला प्रोग्रॅमिंग शिकवताना एक प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो: ‘सर, भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत काय असायला हवे आणि बाहेरच्या पॅकेजवर काय सोडावे?’ स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबरच मिळणारा तयार कोडचा संच, आणि पॅकेज म्हणजे इतरांनी लिहिलेला, वेगळा शोधून बसवावा लागणारा कोड. पुष्कळांना लागते ते आत आणि थोड्यांना लागते ते बाहेर, असे उत्तर मीही बरीच वर्षे देत होतो. आता ते मला पटत नाही, आणि त्याला एका वाचनालयाची सभासदयादी कारण झाली.

जवळच्या गावातील वाचनालयासाठी मी पायथन या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. यादी छापून नेली तेव्हा ग्रंथपालकाकांनी ती आपल्या हस्तलिखित रजिस्टरशेजारी ठेवली आणि विचारले, ‘अरे, केळकर केसरकरांच्या आधी कसे आले?’ पायथन अक्षरांचा क्रम लावताना त्यांचे यूनिकोडमधील, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतातील, क्रमांक पाहतो. यूनिकोडने देवनागरीचा तक्ता १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावरून घेतला असून त्यात ‘ळ’ हा ‘ल’ला लागूनच आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. गावांच्या रकान्यातही त्यामुळे वाळपई वास्कोच्या आधी गेली होती. प्रोग्रॅमने कोठेही चूक दाखवली नव्हती, आणि मराठी माझी मातृभाषा असूनही ती मला दिसली नव्हती.

मराठी क्रम बरोबर लावणारे पॅकेज तेव्हाही उपलब्ध होते. परंतु पॅकेज तोच शोधतो, ज्याला आपल्याजवळ काय नाही हे माहीत असते. ज्याला ते माहीतच नाही, त्याच्यापर्यंत केवळ स्टँडर्ड लायब्ररी पोहोचते. म्हणून जी गोष्ट अजाणता चुकते आणि चुकल्याचे कळतही नाही, तिचा आत येण्याचा हक्क मी सर्वांत मोठा मानतो. तारखा, कालक्षेत्रे (टाइम झोन), पासवर्डसारख्या कामांसाठी लागणाऱ्या, अंदाज न करता येणाऱ्या यादृच्छिक (रँडम) संख्या आणि भाषेनुसार वर्णक्रम या सर्व त्याच जातीच्या गोष्टी आहेत.

आत घेतलेली वस्तू मात्र सहजी बाहेर काढता येत नाही, हेही मी विद्यार्थ्यांना तितक्याच आग्रहाने सांगतो. जावा या भाषेच्या पहिल्या आवृत्तीतील तारखेच्या वर्गात (क्लासमध्ये) महिने शून्यापासून आणि वर्षे १९०० पासून मोजली जात. त्याला चांगला पर्याय २०१४ मध्ये जावा ८ बरोबर आला, तरी त्यावर विसंबलेल्या प्रोग्रॅमसाठी जुना वर्ग आजही तेथेच आहे. पायथनने २०२४ मध्ये ३.१३ या आवृत्तीतून टेलनेट या दूरच्या संगणकाशी जोडण्याच्या जुन्या पद्धतीसाठीच्या मॉड्यूलसारखे १९ जुने मॉड्यूल, म्हणजे लायब्ररीचे भाग, काढले, तेही आधी काही आवृत्त्या सूचना देऊन. अगदीच छोटी लायब्ररी ठेवण्याचीही किंमत असते: मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने मागे घेतले आणि त्यावर अवलंबून असलेले असंख्य जावास्क्रिप्ट प्रकल्प अडले. तरीही भाषेनुसार वर्णक्रम लावण्याची सोय त्याच जावास्क्रिप्टबरोबर ब्राउझरमध्ये अंगभूत मिळते, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

वर्णक्रमाचे नियम सुधारत राहतात, मग ते संथ गतीने बदलणाऱ्या लायब्ररीत कसे ठेवायचे, असा रास्त प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला होता. याचे उत्तर मला पायथननेच कालक्षेत्रांच्या बाबतीत दिलेले दिसते. २०२० मध्ये ३.९ या आवृत्तीत त्यांचे मॉड्यूल आत आले, पण देशोदेशीची बदलती माहिती ते संगणकाच्या कार्यप्रणालीकडून घेते आणि तेथे नसेल तर वेगळ्या पॅकेजमधून. वर्णक्रमासाठीही यंत्रणा आत आणि नियमांचे तक्ते बाहेर अशी रचना करता येईल, आणि पायथनमध्ये एकच भर घालण्याची मुभा मला मिळाली तर मी हीच घालीन. तोपर्यंत त्या वाचनालयाच्या प्रत्येक नव्या संगणकावर मराठी क्रम लावणारे ते पॅकेज मी स्वतः जाऊन बसवतो.