प्तेरचा तिढा सुटला (बहुतेक), आता ग्नची पाळी

फ्रेंच शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा हे ठरवणाऱ्या बेस फाइलवर ग्रीक मुळांचे पॅटर्न (अक्षरांच्या मधे आकडे टाकलेले नमुने) चढवले होते त्याचं पुढचं सांगतो. स्फेर एकदम लोण्यासारखं चाललं, अत्मो-स्फेर, एमि-स्फेर, ते एमिस-फेर नावाचं ध्यान कुठेच नाही. लॉग बघून जीव गार झाला राव.

पण प्तेरने डोकं खाल्लं. एलिकोप्तेर (हेलिकॉप्टर) म्हणजे एलिको अधिक प्तेर, पंखवाला, १८६१ मध्ये पाँतों दामेकूरने जुळवलेला शब्द, त्यामुळे मूळ जपायचं तर तोड पीच्या आधी (उच्चारावर तोडणारे एलिकोप-तेर करतात, करू देत). म्हणून पीच्या आधी १ आणि पी-टीच्या मधे २ टाकला, विषम तोडा, सम सोडा, मोठा आकडा जिंकतो, लियांगच्या शब्द तोडायच्या पद्धतीचं नेहमीचंच. वर्डलिस्टवर सगळं ओके. मग एक जुनी कादंबरी लावली आणि आदा-प्तेर, काप्तेर, आक्सेप्तेर, सगळीकडे चुकीच्या जागी तोड! ही सगळी क्रियापदं, आणि पासे सँप्ल या भूतकाळाचं तृतीय पुरुषी अनेकवचन नेमकं त्याच पाच अक्षरांवरून (पी-टी-ई-आर-ई) जातं, मागे फक्त न उच्चारायचे एन-टी. आणि ही फुकटातली लिस्ट नुसते धातू देते, चालवलेली रूपं नाहीतच, मग टेस्टमध्ये दिसणार कसं? अशा लिस्टवर पॅटजेन (लिस्टवरून पॅटर्न बनवणारा प्रोग्राम) चालवून तर आणखीच कचरा मिळतो, मोजके ग्रीक शब्द त्यात बुडून जातात, हातानेच लिहा.

उतारा म्हणून एन-टीपर्यंतचा लांब पॅटर्न केला, पी-टीच्या मधे ३. लॉगमध्ये काय आलं? आदा, मग डॅश, मग एकटा पी, मग परत डॅश. बिचारा पी दोन्हीकडून लटकला, कारण त्याच्या आधीचा १ तसाच जिवंत होता. तिथे २ दिला तेव्हा कुठे आदाप-तेर झालं.

हे टाइप करता करता सुचलं, की क्रियापदांशी भांडायचंच कशाला? मूळ पॅटर्नच्या शेवटी टिंब दिलं की तो शब्दाच्या टोकालाच लागेल, अनेकवचनासाठी एस लावून अजून एक. दोन ओळी, उताऱ्याची गरजच नाही. लगेच करून बघितलं, एलिको-प्तेर शाबूत, कादंबरी पण साफ! उतारा डिलीट.

पुढे जी-एन, म्हणजे ग्न. मान्येतिकमध्ये ते जोडीने न्य होतं म्हणून तोडायचं नाही, दियाग्नॉस्तिक आणि आग्नॉस्तिकमध्ये ग वेगळा, न वेगळा. दोन्ही ग्रीकच, स्पेलिंगवरून काही कळत नाही. आधी टेलिस्कोपमधलं स्कोप घेणार होतो, पण आता हेच घेतो, आणि टेस्टला चालवलेल्या रूपांसकट मोठी लिस्ट. कुणाकडे बरी असेल तर टाका.