पंधरा-वीस हजारांची बेस गिटार स्टेजवर चालते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तालमीच्या खोलीबाहेर, व्हॉट्सअ‍ॅपवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत पानावर बसलेलो असताना हाच प्रश्न आला: ‘दादा, पंधरा-वीस हजारांची बेस गिटार घेतली तर तिच्यावर शो होतील का, की थांबून अजून पैसे साठवू?’

होतील. थांबू नका. मात्र दुकानातल्या स्टुलावर बसून, छोट्याशा अ‍ॅम्पवर चार सूर छेडून ‘आवाज मस्त आहे’ म्हणत घेऊ नका. कारण ज्या आवाजावर भाळून तुम्ही गिटार घेताय, तो स्टेजवर तुमच्या ताब्यात राहतच नाही. गिटारातून निघालेली वायर डीआय बॉक्समध्ये (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणाऱ्या डबीत) जाते, तिथून मिक्सरला, आणि पुढे साउंडवाल्याच्या मर्जीप्रमाणे सबमध्ये, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरमध्ये. तो ऑक्टोपॅडच्या किकला जागा करून देताना तुमचा खालचा बेस थोडा कापणार, मधला जरा उचलणार. मंडपातल्या माणसापर्यंत जे पोचतं, त्यावरून वाद्य अठरा हजारांचं की ऐंशी हजारांचं हे ओळखणारा मला अजून भेटायचाय. पण तार उतरलेली असेल तर पहिल्या रांगेतल्या आजोबांनाही कळतं. आणि जॅक सैल होऊन ‘धप्प’ झालं, तर मंडपाबाहेरच्या वडापाववाल्यालाही.

त्यात आपल्या ऑर्केस्ट्रांची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे. बेसवाला नसला तरी कार्यक्रम अडत नाही, कीबोर्डवाल्याचा डावा हात असतोच. सत्कार लांबतात, नारळ-शाली संपत नाहीत, रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतो, त्यामुळे साउंडचेकला मिळतात पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत ज्याचं वाद्य कुरकुर करतं, त्याला पुढच्या सुपारीला कोण बोलावणार? म्हणून मी आधी भरवसा बघतो, आवाज त्यानंतर.

तसंही हे वाद्य जन्मलंच कामासाठी. अमेरिकेतल्या गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरनं 1951 मध्ये प्रिसिजन बेस काढला, तो नाचगाण्याच्या बँडमधल्या बेसवाल्यांसाठी. बिचारे माणसाएवढा उभा बेस घेऊन गावोगाव फिरत आणि ट्रम्पेट-ड्रमपुढे ऐकूच येत नसत. त्यानं चार तारा, एक पिकअप (तारेचं कंपन विजेत उतरवणारं चुंबकी वेटोळं), दोन नॉब आणि 34 इंचांचा स्केल (तारेची वाजणारी लांबी) दिला, आणि दांड्यावर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, घातले म्हणजे सूर चुकायला नको. 1957 मध्ये पिकअपचे दोन तुकडे करून हम, म्हणजे विजेची घरघर, मारला. आज पंधरा हजारांत मिळणाऱ्या बहुतेक गिटारी याच आराखड्याच्या, नाहीतर फेंडरच्याच 1960 च्या जॅझ बेसच्या नकला आहेत. आराखड्याचे पैसे कुणी मागत नाही. लाकूड कापायला यंत्रं आहेत, त्यामुळे नेक, म्हणजे गिटारीचा लांब दांडा, बॉडीत जिथे बसते ती खाच स्वस्त वाद्यातही नीट असते. 1982 मध्ये फेंडरनं स्क्वायर हे नाव कमी किमतीच्या गिटारांवर टाकायला सुरुवात केली. त्या पहिल्या जपानी गिटारी आज जुन्या बाजारात लोक शोधत फिरतात. तेव्हा स्वस्त म्हणजे टाकाऊ, हे डोक्यातून काढा.

मग पैसा वाचवतात कुठे? जिथे माणसाचा हात आणि वेळ लागतो तिथे. फ्रेटची टोकं घासायची, नटच्या (दांड्याच्या वरच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा नेमक्या खोल करायच्या, तारांची उंची लावायची. दुसरं म्हणजे जॅक (वायर खोचायचं भोक), पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग), खुंट्या असल्या सुट्या भागांवर. दुकानात तपासायचं ते हेच.

अ‍ॅम्पला न लावता सुरुवात करा. दुकानदार घाई करेल, करू द्या. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात वरपासून खालपर्यंत फिरवा. फ्रेटची टोकं खरवडत असतील तर ती वाद्याची खोड असेलच असं नाही. उन्हाळ्यात, विशेषतः नागपूर-अकोल्याकडे, लाकूड आकसतं आणि धातू बाहेर येतो. कारागीर तासाभरात घासून देतो. पण एखादा फ्रेट मधूनच उचललेला असेल, तर ती गिटार तिथेच ठेवा. हे कळतं वाजवूनच. चारही तारांवर पहिल्या फ्रेटपासून शेवटपर्यंत एकेक सूर काढत जा, ज्या जोरानं स्टेजवर वाजवाल त्याच जोरानं. कंटाळवाणं काम आहे, दहा मिनिटं जातात. सगळीकडे थोडं खडखडत असेल तर सेटिंगनं जाईल. एकाच फ्रेटवर खडखड आणि शेजारी स्वच्छ, असं असेल तर फ्रेट वर-खाली आहेत. ‘जी’ या सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर पटकन मरतो, तेही ऐकून ठेवा. ही खोड महागड्या वाद्यांतही असते, तिच्यावरून नाकारू नका.

मग ई (सगळ्यात जाड) आणि जी तारा तळहातानं जरा दांडगाईनं बाहेर ओढा आणि परत सूर तपासा. पहिल्यांदा उतरणारच, नवी तार ताणली जाते. पुन्हा लावून पुन्हा ओढा. तिसऱ्यांदाही उतरली तर खुंटी किंवा नट यांपैकी एकात घोळ आहे. खुंटी पिळताना नटमध्ये बारीकसं ‘टिक्’ वाजलं आणि सूर एकदम उडी मारून वर गेला, तर तार खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की बरेचदा भागतं.

ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळईला, लोक घाबरतात. घाबरायचं काही नाही, पण बघायचं जरूर. ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हातानं नेक बॉडीला मिळते तिथे दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटशी तारेखाली किती फट आहे ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जाईल इतकी असली की उत्तम. कमी-जास्त असेल तर दुकानदाराला तुमच्यासमोर रॉड पाव फेरा फिरवायला सांगा. फिरला आणि फट बदलली, तर वाद्य जिवंत आहे. फिरतच नसेल, किंवा ‘त्याला हात लावायचा नसतो’ असं उत्तर आलं, तर नमस्कार करा. आपल्याकडे हे महत्त्वाचंच आहे. गणपतीतल्या दमट हवेत नेक एक बोलते, लग्नसराईच्या कोरड्या हवेत दुसरं, आणि वर्षातून दोनदा तरी तो रॉड फिरवावा लागतो. जुनी गिटार घेताना तर मी सगळ्यात आधी हेच करतो, बाकी नंतर.

बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून घुमवलेला सूर आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर सारखे यायला हवेत. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचं (तारा बॉडीवर जिथे अडकतात तिथलं) सॅडल, म्हणजे तारेखालचा छोटा टेकू, मागे सरकवायचं. मागे सरकायला जागाच उरलेली नसेल, तर मात्र विषय संपला.

आता वायर लावा. प्लग जॅकमध्ये घालून हलवा, गोल फिरवा, वायरला हलकासा हिसका द्या. करकर आली तर जॅक बदलायचा, खर्च किरकोळ आहे. पण दुकानातच किंमत कमी करून मागायला हे कारण उत्तम. नॉब फिरवताना खरखर येते ती कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्यानं जाते.

हमची गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण मंडपात तीच छळते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ई तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा ‘जी’ सूर आहे 49 हर्ट्झचा. म्हणजे वायरिंग गचाळ असेल तर पांढरी पाचच्या, म्हणजे याच ‘जी’च्या, आसपास न मागितलेला तानपुरा रात्रभर चालू राहतो. गाणं पांढरी पाचमध्ये असेल तर तुमचा खालचा सा त्याच्याशी भांडतो, सेकंदाला एक हेलकावा. गाणं दुसऱ्या पट्टीत असेल तर सरळ बेसूरच. तपासायचं असं: आवाज वाढवा, काही वाजवू नका, तारांना हात लावा. हम कमी झाला तर ब्रिजची अर्थिंगची वायर जोडलेली आहे. तारांना हात लावून फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर पडतो, तर ती वायर सुटलीय. झाळणारा माणूस दहा मिनिटांत जोडतो. जॅझ पद्धतीच्या दोन पिकअपच्या गिटारीत दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा, हम बराच उतरायला हवा. एक थोडा कमी केला की परत येतो, तो त्या पिकअपचा स्वभावच. डिमरचे लाइट आणि जनरेटर असलेल्या जागी म्हणूनच मी प्रिसिजन पद्धतीची गिटार नेतो.

आणि हो, तारांवर हात असताना ओठ माइकला लागून झिणझिण्या आल्या, तर गिटारला शिव्या देऊ नका. तो जागेच्या अर्थिंगचा दोष. बाजूला व्हा, इलेक्ट्रिशियनला बोलवा, दुरुस्त होईपर्यंत वाजवू नका. यात भिडस्तपणा नको.

चारही तारा सारख्या ऐकू येतात का, हा शेवटचा कस. उघडी ई 41 हर्ट्झची. स्टेजवरच्या लहान मॉनिटरला तो मूळ सूर नीट काढताच येत नाही, आपल्याला ऐकू येतो तो बहुतेक त्याच्या वरचा 82 चा. त्यामुळे ई नुसती गुबगुबीत असेल तर दुकानात भारी वाटते आणि स्टेजवर गायब होते. आधी पिकअपचे स्क्रू वर-खाली करून बघा. फुकटात निम्मं काम होतं.

बॉडीचं लाकूड कोणतं, फिंगरबोर्ड मेपलचा की दुसरा, यावर तासन्‌तास वाद घालणारे आहेत. त्यांना घालू द्या. वजन मात्र बघा. पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) जमिनीकडे धावला, तर दोन तासांनी डावा खांदा बोलायला लागेल. रुंद, खरखरीत चामड्याच्या पट्ट्यानं थोडं सावरतं. पट्टा निसटू नये म्हणून नळाचा रबरी वॉशर बटणावर चढवला की झालं.

पाच तारांची घेऊ का, असं हल्ली बरेच जण विचारतात, आणि कारणही खरं असतं: गायक ‘काळी दोन’ म्हणतो, आणि चार तारांवर तो सूर ई च्या खाली अर्ध्या पायरीनं निसटतो. पण ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो, आणि मंडपाच्या साउंडमध्ये तो खालच्यापेक्षा स्वच्छ ऐकू येतो. स्वस्त पाच तारांच्या गिटारीत खालची बी, जेमतेम 31 हर्ट्झची, बहुधा लोंबत्या दोरीसारखी लागते. या बजेटमध्ये चारच घ्या. अ‍ॅक्टिव्हपेक्षा (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेल्या गिटारीपेक्षा) पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीची, घ्या. अ‍ॅक्टिव्हच घेतलीत तर कार्यक्रम संपल्यावर वायर काढून ठेवा, प्लग आत असेपर्यंत नऊ व्होल्टची बॅटरी संपत राहते.

पैशांचं गणित असं. खिशात वीस असतील तर गिटार पंधराचीच बघा. उरलेल्यात कारागिराकडून सेटिंग, धड केबल आणि डीआय बॉक्स. साउंडवाल्याकडे डीआय असतो, पण असतो म्हणजे चालतो असं नाही. ट्यूनर पायाखालचा घ्या, क्लिपचा नको. स्टेज थरथरत असताना क्लिपवाला ई तारेवर नुसता काटा नाचवतो, आणि पायाखालचा दाबला की आवाजही बंद होतो, म्हणजे निवेदक बोलत असताना सूर लावता येतो. नव्या तारा लगेच हव्यातच असं नाही. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन आपल्या 1962 च्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा तुटेपर्यंत बदलत नसे. पण तुमच्या राउंडवाउंड (गोल तारेनं गुंडाळलेल्या) तारा काळ्या पडून मेल्या असतील तर बदला.

काही जण म्हणतात, दुसरी गिटार राखीव ठेवायला हवी. गिटारवाल्याला हवी, त्याची पातळ तार तुटते. बेसची सहसा तुटत नाही. तारांचा एक संच, एक जादा केबल आणि छोटा स्क्रूड्रायव्हर बॅगेत असला की पुरे. महागडी कधी घ्यायची, हे मात्र तुमच्या तोंडून आलं पाहिजे. ‘आवाज जाड हवा’ असं म्हणत असाल तर अजून वेळ आहे. ‘जी तारेच्या सहाव्या फ्रेटचा सूर मरतो आणि तो मला रोज लागतो’ असं सांगायला लागलात, की या, बरोबर दुकानात जाऊ.