कणकुंबीचं गवत, गोचीड आणि सुजलेला गुडघा

बेळगाव-चोर्ला रस्त्यावरच्या कणकुंबीला निघालं की जो तो जळवांची भीती घालतो. वाटाड्यानेही मिठाची पुरचुंडी तेवढी घ्यायला सांगितली. जानेवारीत तिथे जळू औषधालाही सापडत नाही. असते ती गोचीड. नोव्हेंबर ते मे हा तिच्या पिल्लांचा हंगाम, म्हणजे नेमका ट्रेकचा. आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

जांबोटीचा रस्ता, माउलीचं देऊळ, मलप्रभेचा उगम हे सगळं सोपं आहे. तिथे चुकायला काही नाही. वाईट आहे ती पुढची पारवाडकडची गुरांची वाट. कमरेएवढं वाळकं गवत, दोन्ही बाजूंनी घासणारी कारवी, अधूनमधून काजूच्या बागा. गोचीड झाडावरून उडी मारत नाही. गवताच्या टोकाशी पाय पसरून बसते आणि अंग घासलं की चिकटते. गुरं जिथे बसतात तिथे ती सगळ्यात जास्त, त्यामुळे डबा खायला सावली बघून त्याच जागी बसणं हा शुद्ध मूर्खपणा. हाफ पँट घालून या वाटेला जाऊच नये. पँट मोज्यात खोचा, रंग फिका ठेवा, बूट-मोजे आणि मनगटांना डीट (किडे-गोचीड दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावा. घाम आला की पुन्हा लावा.

मुक्कामी पोचल्यावर चहाच्या आधी अंग तपासा: गुडघ्यामागची लवण, जांघ, कमरेचं इलॅस्टिक, काख, कानामागे. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, तीळ समजून सोडून देऊ नका. टोकदार चिमट्याने अगदी कातडीलगत, तोंडाशी पकडून सरळ वर ओढा. पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही. रॉकेल, चुना, पेटती विडी यांपैकी काहीही लावलं तर ती सुटण्याआधी पोटातलं सगळं जखमेत ओकू शकते. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. ही तारीख पुढे डॉक्टरांच्या कामाची आहे.

कारण उतारावरून आल्यावर एखाद्याचा गुडघा सुजतोच, आणि मग मोबाइलवर ‘हा लाइम आजार’ (गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा आजार) असं वाचून घबराट होते. तारखा बघा. पाय मुरगळून दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साठलंय, बहुतेक लिगामेंट गेलं. दुसऱ्या दिवशी सुजला तर गुडघ्यातल्या गादीला (मेनिस्कसला) इजा. दोन्हींचा गोचिडीशी संबंध नाही. मुरगळलेलं नसताना गुडघा लाल, गरम, अंगात ताप आणि पाय टेकवत नाही, तर पू असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी बेळगाव गाठा आणि सांध्यातलं पाणी काढून तपासून घ्या. इथे रात्रभर थांबणं महागात पडतं.

लाइमचा गुडघा वेगळा. चाव्यानंतर काही आठवड्यांनी, बऱ्याचदा महिन्यांनी, एकच गुडघा भरतो. सूज प्रचंड, दुखणं त्या मानाने कमी, माणूस लंगडत का होईना चालतो. उतरतो आणि पुन्हा भरतो. चाव्याभोवती पसरत जाणारा लाल चट्टा आधी येऊन गेलेला असतो, पण सगळ्यांनाच येतो किंवा दिसतो असं नाही. हा आजार मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्येचा आणि युरोपचा. कनेक्टिकटमधल्या लाइम गावी 1975 च्या सुमारास मुलांचे गुडघे सुजले तेव्हा तो उजेडात आला. नागरहोळे-बंडीपूरच्या जंगलभागात लोकांच्या रक्तात त्याच्या ॲन्टीबॉडी आढळल्यात, तरी आपल्याकडे तो विरळाच. बेळगावात खरा संशय घ्यायचा तो न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या भाच्याच्या गुडघ्याचा. डॉक्टरांना चोर्ला घाटातली भटकंती सांगाल तसं तिकडचं अंगणही सांगा. रक्ताच्या तपासण्या दोन: आधी एलायझा, मग इम्युनोब्लॉट. गुडघा सुजेपर्यंत आयजीजी (त्यातल्या एका प्रकारच्या ॲन्टीबॉडीची तपासणी) जवळजवळ नेहमी पॉझिटिव्ह झालेली असते, निगेटिव्ह आली तर लाइम विसरा. पॉझिटिव्ह असेल तर साधारण 28 दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याआधी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नये.

या घाटात धास्ती बाळगायची ती गोचिडीतूनच येणाऱ्या माकडतापाची. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, दोडामार्ग-बांद्याकडे रुग्ण सापडलेत. चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांत एकदम सणकून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं. हा विषाणू आहे, डॉक्सिसायक्लिनचा उपयोग नाही. आरटी-पीसीआर लवकर करावी लागते. रक्तस्रावाचा धोका असल्यामुळे गुडघ्यासाठी चालू असलेली आयब्रुफेन-डायक्लोफिनॅक ताप येताच बंद करा, फक्त पॅरासिटामॉल.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा. आणि जीपवाल्याशी जाण्या-येण्याचं मिळून ठरवा: जाताना निम्मे सांगतात, परतताना पाय सुजलेला दिसला की तेवढेच आणखी मागतात. लाल बसची शेवटची वेळ कणकुंबीत उतरताच विचारून ठेवा.