कढीपत्त्यावरचा तोतया

वेताळ टेकडीलगतच्या आमच्या गच्चीवरील कढीपत्त्यावर गेल्या श्रावणात काळ्या पंखांची, मागच्या पंखांवर पांढरे-लाल ठिपके असलेली फुलपाखराची एक मादी अंडी घालताना दिसली, आणि मी वहीत बेधडक ‘कॉमन रोझ’ अशी नोंद केली. ती चुकीची होती. कॉमन रोझच्या अळ्या ईश्वरीसारख्या विषारी वेलींवर पोसतात व ते विष अंगी मुरल्याने पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. कॉमन मॉर्मन या दुसऱ्या, बिनविषारी फुलपाखराची मादी नेमके तेच सोंग घेते. मात्र रोझचे शरीर लाल असते, मॉर्मनचे काळे. शिवाय कढीपत्ता हे मॉर्मनचेच खाद्य, हे तरी मला सुचायला हवे होते! टाचणीने टोचलेला संग्रह मला रुचत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अनेक जाती पकडताही येत नाहीत. त्यामुळे मी छायाचित्रेच जमवतो, हल्ली शरीराचा रंग दिसेल अशा कोनातून.