भाऊबीजेला माहेरी का जात नाही?

भाऊबीजेला माहेरी का जात नाही, असे मला दर दिवाळीत विचारले जाते आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच असते: वाटणीवरून बिनसले असणार. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाल्यापासून बहीणभावांच्या अबोल्याला लोकांना दुसरे कारण सुचत नाही. म्हणून आधीच सांगते, मी हक्कसोडपत्रावर सही करून दिलेली आहे. ती मोठ्या मनाने केली की त्या घराशी कागदापुरताही संबंध नको म्हणून केली, हे माझे मलाच कळत नाही.

कारण १९८७ च्या दिवाळीचे आहे. मी दहा वर्षांची होते, दादा पंधराचा. केस ओढणे, कोठीच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घालणे हे रोजचेच होते आणि घरात त्याला ‘खोड्या’ म्हणत. धनत्रयोदशीच्या दुपारी त्याच्या किल्ल्यावरचा एक मावळा माझ्या हातून पडून फुटला, तेव्हा त्याने माझा उजवा हात पाठीमागे नेऊन इतका पिरगाळला की मनगटात काहीतरी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. डॉक्टरांनी ‘कशी पडलीस?’ असे विचारताच मी आईकडे पाहिले. ‘झोपाळ्यावरून,’ ती म्हणाली आणि मीही तेच म्हणाले.

आमच्या घरी झोपाळा नव्हता.

भाऊबीजेला डाव्या हाताने औक्षण कसे करायचे, म्हणून तबक आईने धरले आणि प्लास्टरबाहेर राहिलेल्या सुजक्या बोटांनी मी दादाला कुंकू लावले. टिळा वाकडा आला. सगळे हसले, मीसुद्धा. त्याने ओवाळणीत घातलेले अकरा रुपये आईनेच त्याच्या हातात सरकवलेले मी पाहिले होते.

पुढे शाळेत, आजोळी आणि सासरीही मी तो झोपाळा इतक्यांदा सांगितला की त्याच्या कड्यांची करकर मला आठवू लागली. मार मी केव्हाच विसरले, असे मी वर्षानुवर्षे म्हणत आले. तेही झोपाळ्याइतकेच खरे.

‘तेव्हाच बोलायचे होतेस’ म्हणणाऱ्यांना मी ऐकवते की मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा फोन क्रमांक मुंबईत सुरू झाला तोच १९९६ मध्ये आणि आमच्याकडे तर फोनही नव्हता. पण हा नुसता बचाव आहे. फोन असता तरी आईला खोटे पाडण्याची माझी छाती झाली नसती.

आणखी एक गोष्ट मी आजवर टाळली. वडील दादाला गोठ्यात नेऊन पट्ट्याने मारत, हे मला ठाऊक होते. त्याच्या अंगावरच्या वळांना आई शेजाऱ्यांपाशी ‘झाडावरून घसरला’ म्हणे, तेव्हा मीही मान डोलावत असे. हे आठवले की माझा राग उतरायला हवा. एखाद्या वर्षी उतरतो, एखाद्या वर्षी नाही.

गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. थंडीत मनगट अजून ठणकते का, अशी चौकशी करून तो म्हणाला, ‘तो झोपाळा बाबांनी तेव्हाच काढून टाकायला हवा होता.’ तो थट्टा करत होता की त्यालाही झोपाळा खराच आठवतो, हे मी विचारले नाही.