आमची नाही ती, येते नुसती

श्रावणातली भरपावसाची सकाळ. चिपळूणच्या माझ्या जनावरांच्या दवाखान्यात काकूंनी पिशवीतून कुंकवाची जुनी डबी काढून टेबलावर ठेवली. "तिळासारखं दिसतंय, पण तीळ नाहीत," म्हणाल्या. मांजर पडवीत ज्या गोणपाटावर झोपतं त्यावरून वेचलेले पिवळसर दाणे होते.

"मांजर तुमचं का?"

मागून छत्री झटकत काकाच बोलले, "आमची नाही ती. येते नुसती."

एक दाणा काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात टाकला. थोड्या वेळात तो फुगला, मऊ पडला. वरून दाब देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर आतून पारदर्शक पिशव्या सुटल्या आणि एकेका पिशवीत दाटीवाटीने अंडी. काकूंनाही दाखवलं. त्यांनी डोळा लावला आणि लगेच पदराला हात पुसले.

हा चपटा जंत, डिपिलिडियम. मांजराच्या आतड्यात राहतो आणि त्याचे सुटे तुकडे शेपटीखालून बाहेर पडतात. ओले असताना भाताच्या शितासारखे दिसतात, वळवळतातही. पण तो मांजराच्या पोटात जातो पिसवांमधून. जमिनीवरची अंडी पिसवेची अळी खाते, त्या अळीची पिसू होते, आणि अंग चाटताना मांजर ती पिसू गिळतं. त्यामुळे नुसती जंताची गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या, तर तीनेक आठवड्यांत डबी परत भरते. काकूंचे घोटे मी न विचारताच पाहिले. लाल पुटकुळ्यांची रांगच होती.

"नातू येतोय गणपतीला," काकू म्हणाल्या. खरी काळजी ती होती. माणसाला हा जंत होतो, पण त्यासाठी पिसूच पोटात जावी लागते. लहान मुलांत क्वचित होतं, आणि औषधाने जातं. तेवढं सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात काकांनी खिशातून एक नळी काढली. "पिसवांचं औषध मी आणलंय. कुत्र्याचं आहे, पण अर्धंच सोडतो." नळीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: परमेथ्रिन. मी ती सरळ काढूनच घेतली. कुत्र्याला हे चालतं. मांजराचं यकृत ते नीट पचवून बाहेर टाकू शकत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, कितीतरी मांजरं त्यात जातात. मोठ्या कुत्र्याच्या नळीतलं अर्धं तर सोडाच, थोडंसंही त्यांना भारी पडतं. दुकानदार बिनदिक्कत हातात ठेवतो, याचा मला दरवेळी संताप येतो.

संध्याकाळी काकूंच्या घरीच गेले. दवाखान्यात आणायला मांजर हाती लागायला हवं ना! काकूंनी बोंबील भाजायला घेतले आणि करड्या पट्ट्यांची एक बाई पावसातून ऐटीत पडवीत आली. शेजारच्या दुकानातून सपाट काटा आणला होता, बोंबील त्यावरच ठेवला. खाताखाता वजन कळलं, दोन किलो आठशे ग्रॅम. बारीक फणी पाठीवरून फिरवली. फणीत आलेली काळी भुकटी ओल्या कापसावर झटकली, तर भोवती तांबूस डाग पसरले. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

मानेवरचे केस बाजूला करून, जीभ पोचणार नाही अशा जागी फिप्रोनिल या पिसवांच्या औषधाची मांजराची नळी कातडीवर सोडली. ती जरा फिस्कारली, एवढंच. गोळी मात्र गंमत करून गेली. चार किलोला एक, म्हणून पाऊण गोळी बोंबलात खुपसली. बाईसाहेबांनी बोंबील संपवला आणि गोळी स्वच्छ चाटून काट्यावर ठेवली. मी टॉवेल काढेपर्यंत काकूंनी गोळीला तूप लावलं, मांजर मांडीत घेतलं, जबडा उघडला, गोळी जिभेच्या मुळाशी टाकली आणि गळा चोळला. "येते नुसती" म्हणणाऱ्या घरातला हा हात! काका पावसाकडे बघत राहिले.

एवढ्यात गडग्यापलीकडून शेजारच्या वहिनी ओरडल्या, "अहो, आमच्या मनीला काय देताय? कालच मुलांचं जंताचं औषध दुधातून दिलंय मी!" त्या औषधाचा या जंतावर उपयोग नव्हता, आणि बशीतलं दूध बहुतेक तसंच उरलं होतं, हे नशीब. तिसऱ्या घरातूनही काहीतरी पावडर चोळायचा विचार चालला होता म्हणे. बेवारस मांजराला उपचार मिळत नाहीत असं आपण समजतो. इथे तिघे मिळून तिला मारणार होते.

मग तिन्ही घरांना एकत्र बसवलं. औषध द्यायचं ते एकाच घरातून, महिन्याला एक नळी, नोंद काकूंच्या कॅलेंडरवर. गोणपाट जाळायचं, त्याजागी उकळत्या पाण्यात धुता येईल अशी जुनी साडी. लाद्यांच्या फटी रोज झाडायच्या, कारण अंडी, अळ्या, कोष सगळे तिथेच असतात. अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्याच. कोषातली पिसू तर महिनोन्महिने दबा धरून बसते आणि पावलांचा धक्का लागला की बाहेर येते. त्यात कोकणातली दमट हवा त्यांना मानवते.

दवाखान्याच्या कार्डावर मालक म्हणून कोणाचं नाव घालू, असं विचारलं. काका म्हणाले, "वहिनींचं घाला." वहिनी म्हणाल्या, "छे, काकूंचंच." नसबंदी करून घ्या, हे मात्र सगळ्यांना पटलं. पिशवीत घालून न्यायचं कोणी, यावर अजून वाद चालू आहे.